सागरशिक्षण आणि वन्यजीवचित्रण : एका नव्या व्यवसायाची ओळख



केळीच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अर्धापुरात उभे राहून समुद्राच्या गोष्टी सांगणे कुणाला अप्रस्तुत वाटेल. ही शंका वाजवी आहे. येथून मुंबईचा समुद्र गाठायचा तर रेल्वेत एक रात्र काढावी लागते. आपल्यापैकी कित्येकांनी तो एकदोनदाच पाहिला असेल. परंतु आपल्या जवळून वाहणारी आसना नांदेडच्या परिसरात गोदावरीला मिळते. ही गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते तेव्हा अरबी समुद्र तिच्यापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर असतो. तरीही त्याच्याकडे पाठ फिरवून ती 1465 किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. आपल्या ओढ्यात टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी पुराच्या पाण्याबरोबर त्याच वाटेने जाते. समुद्र आपल्याला दिसत नाही एवढेच. आपला त्याच्याशी व्यवहार मात्र रोजचा आहे.

आजचा विषय निवडण्याचे कारण घरोघरचे आहे. बारावी झालेली मुलगी किंवा मुलगा म्हणतो, “मला समुद्रातील जीवांचे काम करायचे आहे,” किंवा “मला रानातल्या प्राण्यांचे चित्रपट काढायचे आहेत.” वडील विचारतात, “त्यात पोट भरेल का?” मुलांना हा प्रश्न कठोर वाटतो, पण तो विचारणे हा वडिलांचा हक्कच आहे. त्याचे उत्तर थट्टेने देऊ नये आणि रंगीत स्वप्ने दाखवूनही देऊ नये. म्हणून या कामांचे स्वरूप काय, हे प्रथम पाहू.

सागरशिक्षण म्हणजे काय? समुद्राचे शास्त्र जाणणारा मनुष्य ते इतरांना समजेल अशा रीतीने सांगतो, त्या कामाला हे नाव आहे. 1951 मध्ये मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि मुंबई पाहायला गेलेल्या मराठी कुटुंबांच्या पिढ्यांनी काचेआडचे मासे तेथे पाहिले. ते या शिक्षणाचे एक रूप होय. पुढे 2017 च्या सुमारास मुंबईतील काही हौशी अभ्यासकांनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नावाने निराळाच उपक्रम आरंभला. ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर न्यायचे आणि खडकांतील डबक्यांत राहणारे खेकडे, शंख, समुद्रफुले जागच्या जागी दाखवायची. ज्या किनाऱ्यावर घाणीवाचून काही नाही असे मुंबईकर समजत होता, तेथे एवढा जीवसंसार आहे हे त्याला प्रथमच कळले.

याहून बोलके उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावचे. मंडणगड तालुक्यातील या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालण्यास येतात. पूर्वी ती अंडी उकरून नेली जात. 2002 मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांना तेथे कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. त्यांनी गावकऱ्यांनाच बरोबर घेऊन रक्षणाचे काम सुरू केले. घरट्यातील शंभरएक अंडी काढून कुंपणातील वाळूत तशाच खड्ड्यात ठेवावयाची, सुमारे दोन महिने राखण करावयाची आणि पिले बाहेर आली की त्यांना समुद्राकडे सोडावयाचे, असा हा क्रम आहे. 2006 पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले. पूर्वी अंड्यांपासून मिळे त्याहून अधिक उत्पन्न कासव जिवंत ठेवण्यात आहे, हे गावाला समजावून देणे हेच तेथील खरे शिक्षण होय. ते केवळ व्याख्यानाने झालेले नाही, सहवासाने झाले.

हीच कासवे आपल्याला समुद्राचे एकत्व शिकवतात. 2023 मध्ये गुहागरला पाठीवर उपग्रहयंत्र बसवून सोडलेली ‘बागेश्री’ नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. उलट ओडिशाच्या किनाऱ्यावर 2021 मध्ये खूण केलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे कोकणचे कासव आणि आपली गोदावरी अखेर एकाच उपसागरात भेटतात.

आता वन्यजीवचित्रणाकडे वळू. हा पाश्चात्यांचा छंद आहे अशी आपली समजूत असते. वास्तविक दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटाचा आरंभच निसर्गचित्रणाने झाला आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली पडद्यावर आला. त्यापूर्वी, 1912 मध्ये, दादासाहेब फाळक्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा छोटा पट काढला. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडेथोडे चित्रण केले. पडद्यावर पाहणाऱ्याला बी रुजून वेल वर चढताना मिनिटभरात दिसली. तो पट पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. या व्यवसायाचे सारे मर्म त्या कुंडीत आहे. तेथे जंगल नव्हते, वाघ नव्हता. एका जागी टिकून पाहण्याची चिकाटी तेवढी होती.

पाण्याखाली हे काम अधिक बिकट होते, आणि त्याची कारणे शास्त्रीय आहेत. पाणी प्रकाशातील तांबडा रंग प्रथम शोषून घेते. म्हणून काही मीटर खाली गेले की लाल मासाही काळपट दिसतो आणि सारे चित्र निळेहिरवे येते. खरा रंग हवा असेल तर दिवा बरोबर न्यावा लागतो. दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, त्यामुळे पाणबुड्याला खोली आणि वेळ यांचा हिशेब काटेकोर ठेवावा लागतो. घाईने वर येणे जिवावर बेतते. शिवाय वस्तू असते त्यापेक्षा जवळ आणि सुमारे एकतृतीयांश मोठी भासते. कोकणचा समुद्र पावसाळ्यात गढूळ आणि खवळलेला असतो. म्हणून मालवण-तारकर्ली भागातील पाण्याखालची कामे बहुतांशी पावसाळा संपल्यावर चालतात. सारांश, एका मिनिटाच्या दृश्यामागे पोहणे, भौतिकशास्त्र, प्राणिशास्त्र आणि हवामान एवढ्यांचे ज्ञान उभे असते.

परंतु कौशल्याहून मोठी गोष्ट सचोटी आहे. 1958 च्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’ या अमेरिकन चित्रपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून उड्या घेऊन सामुदायिक आत्महत्या करतात असे दृश्य होते. चित्रपटाला ऑस्कर मिळाले. पुढे 1980 नंतर कॅनडातील पत्रकारांनी उघड केले की ते प्राणी विकत आणलेले होते आणि त्यांना कड्यावरून ढकलण्यात आले होते. प्राणी तर मेलेच. शिवाय जगभरच्या लोकांच्या मनात एक खोटी कल्पना घट्ट बसली. कथापटातील खोटे प्रेक्षक खोटे म्हणूनच पाहतो. अनुबोधपटातील खोटे मात्र तो ज्ञान म्हणून घरी नेतो. घरट्यावर झोत टाकून, कासवाची वाट अडवून मिळवलेले चित्र कितीही सुंदर असो, ते चोरीचेच होय. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अभयारण्यात चित्रण करण्यास वनखात्याची परवानगी लागते. तिला अडथळा समजू नये, धंद्याची पहिली शिस्त समजावी.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. शिकावे कोठे? सागराकडे जाण्याची एक वाट आपल्या शेजारीच, लातूर जिल्ह्यात उदगीरला आहे. तेथे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. कोकणात रत्नागिरीला तसेच महाविद्यालय आहे. मुंबईत वर्सोव्याला 1961 मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था उच्च शिक्षण देते. गोव्यात दोना पावला येथे 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या क्षेत्रात प्राणिशास्त्राची पदवी घेऊनही या दिशेने जाता येते. छायालेखन, ध्वनिमुद्रण, संकलन यांचे शिक्षण 1960 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये मिळते. मात्र तेथील जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ आहेत.

आणि पोट? मत्स्यखाते, अध्यापन आणि संशोधनसंस्था यांत पगाराच्या जागा आहेत. त्या परीक्षेने मिळतात. स्वयंसेवी संस्थांतील आणि संशोधन-प्रकल्पांतील नोकऱ्या प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या असतात. चित्रणाच्या व्यवसायात तर बहुतेकांना कामागणिक मोबदला मिळतो, आणि दोन कामांच्या मध्ये रिकामे महिने येतात. पुष्कळजण लग्नसमारंभांचे चित्रण, शिकवणी किंवा जाहिरातीची कामे करून आपले रानातले काम चालवतात. हे लपवण्यात अर्थ नाही. पण शेतकऱ्याच्या घराला बेभरवशाच्या उत्पन्नाची भीती नव्याने शिकवावी लागत नाही. केळीचा भाव पडतो तेव्हा आपण काय करतो? एका पिकावर विसंबत नाही. तोच शहाणपणा येथे वापरावा. हातात एक पक्की पदवी आणि एक पोटापुरते कौशल्य असावे, आणि मग रानाची किंवा दर्याची वाट धरावी.

एक चूक मात्र टाळा. प्रथमच कर्ज काढून महागडा कॅमेरा घेऊ नका. मुलाला एक वही द्या. आसनेच्या काठी वर्षभर, दर रविवारी, एकाच ठिकाणी बसून त्याने पाहावे : पाणी कधी चढले, कोणते पक्षी आले, खंड्या कोठे बसतो, मासे कोणत्या महिन्यात दिसेनासे झाले. वर्षाअखेर ती वही भरलेली असेल, तर घरातल्या साध्या मोबाइलवर त्याने पाच मिनिटांचा पट काढावा आणि तो शाळेतल्या मुलांना दाखवून त्यांच्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत. या दोन्ही व्यवसायांची ती खरी प्रवेशपरीक्षा आहे. वही तिसऱ्या रविवारीच कोरी राहिली, तर कर्ज वाचले असे समजा. ती भरली, तर मुलाच्या आड येऊ नका.

दादासाहेबांनी कुंडीतला वाटाणा दाखवून जगाचा विश्वास मिळवला. आपल्याकडे तर वाहती नदी आहे, आणि तिची वाट समुद्रापर्यंत गेलेली आहे.