योगाभ्यासाला सोबत हवी

योगासने शिकणे फारसे अवघड नाही. ती चालू ठेवणे अवघड आहे. आपल्या गावात वर्षातून एकदा-दोनदा तरी दहा दिवसांचे योगशिबिर होतेच. पहाटे साडेपाचला शाळेचे पटांगण भरते, नवीन सतरंज्या येतात, सांगतेच्या दिवशी हारतुरे होतात आणि ‘आता रोज घरी करायचे’ असा सर्वांचा निश्चय होतो. पंधरवडा उलटत नाही तोच पाहुणे येतात, मुलांच्या परीक्षा लागतात, लग्नसराई सुरू होते आणि सतरंजी गुंडाळून कपाटावर जाते. मग ‘आमच्या अंगात आळसच फार’ असे म्हणून माणूस स्वतःलाच दोष देतो.

आमच्या मते आळस हे त्याचे खरे कारण नव्हे. शिबिरात जी माणसे भल्या पहाटे उठून येत होती, तीच ही माणसे. त्या दहा दिवसांत त्यांना एक गोष्ट मिळत होती, जी अकराव्या दिवशी काढून घेतली गेली. ती म्हणजे सोबत.

यावर जाणकार वाचक लगेच हरकत घेतील की योग ही तर एकांताची साधना, तिथे गर्दीचे काय काम? हरकत अगदी रास्त आहे. स्वात्मारामांच्या ‘हठप्रदीपिका’ या ग्रंथात योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत: फार खाणे, फार श्रम, फार बडबड, नियमांचा अट्टहास, जनसंग आणि मनाची चंचलता. साधकाने लहानशा दाराच्या, निवांत कुटीत राहावे असेही तिथे सांगितले आहे. परंतु हे ज्याला सांगितले तो साधक कोण होता, याचाही विचार करायला हवा. तो घरदार सोडून निघालेला, पूर्ण वेळ अभ्यास करणारा होता आणि गुरूने सांगितलेल्या मार्गानेच तो साधना करीत होता. त्याला कोणी विचारणारे होते. आपण संसारी माणसे. आपल्या वाट्याला तो एकांतही येत नाही आणि ते विचारणारे माणूसही नाही. शिवाय त्या यादीत जनसंग हा बडबडीच्या पंगतीला बसवला आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चावडीवरच्या गप्पा हाही संग आणि एकाच हेतूने एकत्र बसणे हाही संग. दुसऱ्या प्रकारच्या संगाला आपल्याकडे सत्संग म्हणतात. ग्रंथाचा रोख पहिल्यावर आहे असे आम्हांस वाटते.

पतंजलींच्या योगसूत्रांकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. अष्टांगांतले पहिले अंग यम. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. आसन आणि प्राणायाम त्यानंतर येतात. आता हे पाच यम दार लावून घेतलेल्या खोलीत कसे पाळणार? अहिंसा पाळायची तर समोर कोणीतरी हवे. खरे बोलायचे तर ऐकणारा हवा. चित्त प्रसन्न राहावे म्हणून पतंजलींनी जो उपाय दिला आहे, त्यात सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवंताबद्दल आनंद आणि दुर्जनाकडे दुर्लक्ष या चार गोष्टी आहेत. चारही माणसांविषयीच्या आहेत. शेजारच्या सतरंजीवरच्या गृहस्थाचे पश्चिमोत्तानासन आपल्यापेक्षा चांगले होते आणि तरी आपल्याला बरे वाटते, हा त्यातल्या तिसऱ्या गोष्टीचाच धडा. हा धडा घरी एकट्याने गिरवता येत नाही.

महाराष्ट्राला खरे तर हे शिकवायला नको. कार्तिकस्नानाच्या महिन्यात गावोगाव पहाटे काकडा असतो. थंडी पडू लागलेली असते, तरी जो माणूस एरवी सातशिवाय उठत नाही तो पाचला आंघोळ करून देवळात हजर होतो आणि महिनाभर एकही दिवस चुकवीत नाही. त्याला गजर लावावा लागत नाही, कारण शेजारचा हाक मारून जातो, मृदंगाचा आवाज कानी येतो आणि आपली नेहमीची जागा रिकामी राहिली तर चार माणसे विचारतील हे त्याला ठाऊक असते. वारीचेही तसेच. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. गुडघे दुखतात म्हणून बाजारात जायला रिक्षा करणाऱ्या आजी दिंडीत मात्र रोज कित्येक कोस चालतात. भक्तीचे बळ त्यामागे असतेच, ते आम्ही नाकारीत नाही. पण त्या आजींनी ती वाट एकटीने चालून पाहावी म्हटले तर? दिंडीला वीणेकरी असतो, टाळकरी असतात, चालण्याचा एक ठेका असतो, विसाव्याची जागा ठरलेली असते, आणि मागे राहिलेल्याकडे कोणाचे तरी लक्ष असते. पाय आपले असतात, पण चाल सर्वांची असते. (परतीच्या प्रवासात याच आजी एसटीत जागेसाठी भांडतात, हा भाग वेगळा!)

आधुनिक काळात योग घरोघर पोहोचला तोही असाच. सांताक्रूझची योग संस्था १९१८ साली योगेंद्रजींनी सुरू केली, तर १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. दोन्ही ठिकाणी योग गुहेतून काढून संसारी माणसापुढे, वर्गाच्या रूपाने ठेवला गेला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार स्वतः तर घातलेच, पण आपल्या संस्थानातील शाळांतून मुलांकडून सामुदायिकरीत्या घालून घेतले. नागपुरात जनार्दनस्वामींनी सोपी आसने विनामूल्य शिकवण्याचा जो परिपाठ घालून दिला, त्यातून मोकळ्या जागी, देवळात, बागेत भरणारे वर्ग उभे राहिले.

आता शरीराच्या बाजूने पाहू. चार माणसे एकत्र ॐकार म्हणतात किंवा हरिपाठ म्हणतात तेव्हा नकळत सर्वांचा श्वास एका मापात येतो. एरवी स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटाला साधारण बारा ते वीस वेळा श्वास घेतो. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतील संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तेवीस निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिन जपमाळ आणि एकदा योगपरंपरेतला मंत्र म्हणायला सांगितला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि रक्तदाब सावरणारी शरीराची जी यंत्रणा आहे तिचे काम सुधारलेले दिसले. मंत्र कोणता, धर्म कोणता, याने फरक पडला नाही. २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी समूहगान करणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा एकत्र गाणाऱ्यांचे ठोके एकाच वेळी वाढत आणि एकाच वेळी कमी होत होते, कारण सर्वांचा श्वास गाण्याच्या ओळींनी बांधलेला होता. आपल्या भजनी मंडळांना हे यंत्रावर मोजून दाखवण्याची गरज कधी भासली नाही, इतकेच.

हृदयरोगाच्या बाबतीत दोन प्रयोग सांगण्यासारखे आहेत. अमेरिकेतील डॉ. डीन ऑर्निश यांनी १९९० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपला प्रयोग प्रसिद्ध केला. अत्यल्प स्निग्ध पदार्थांचा शाकाहार, धूम्रपान बंद, माफक व्यायाम, रोज आसने-प्राणायाम-ध्यान, आणि आठवड्यातून दोनदा सर्व रुग्णांनी एकत्र बसणे, असा तो कार्यक्रम होता. वर्षभराने त्यांच्यातील बहुतेकांच्या हृदयाच्या रोहिण्यांमधील अडथळे थोडे कमी झालेले आढळले. यात आहाराचा वाटा किती आणि एकत्र बसण्याचा किती, हे त्या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही. पण एकत्र बसणे हा औषधयोजनेचाच भाग म्हणून धरला होता, हे महत्त्वाचे.

दुसरा प्रयोग आपल्या देशातला, २०२० साली प्रसिद्ध झालेला. चोवीस रुग्णालयांतील, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले ३,९५९ रुग्ण त्यात होते. त्यांतील निम्म्यांसाठी बारा आठवड्यांत योगाचे तेरा वर्ग ठेवले होते. पुढे मृत्यू, पुन्हा झटका वगैरे गोष्टींत दोन गटांत ठामपणे सांगावा असा फरक दिसला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र योग करणाऱ्यांना आपली प्रकृती अधिक बरी वाटत होती आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगल्या रीतीने परतले. तेरांपैकी दहा किंवा अधिक वर्गांना आलेल्यांत पुढचे धोकेही कमी आढळले. अर्थात जो मुळात धडधाकट तोच नियमित येणार, अशीही शंका घेता येते. तरीही औषधाची मात्रा पोटात गेल्याशिवाय गुण येत नाही, तसेच वर्गाचे आहे.

आज जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत एक प्रश्न वाढत आहे, त्याकडे आम्हांला विशेष लक्ष वेधायचे आहे. मुले पुण्या-मुंबईस किंवा परदेशी, घरी म्हातारा-म्हातारी दोघेच, आणि पुढे कधी तरी एकच. एकटेपणा हा नुसता मनाचा विषय नाही. २०१० साली १४८ अभ्यासांचा, मिळून तीन लाखांहून अधिक माणसांचा, एकत्रित आढावा घेण्यात आला. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट होते त्यांची जगण्याची शक्यता, एकटे पडलेल्यांच्या तुलनेत, सुमारे पन्नास टक्क्यांनी जास्त आढळली. रोज सकाळी जाण्याचे एक ठिकाण असणे आणि ‘काल का आला नाहीत?’ असे विचारणारे कोणी असणे, हे अशा माणसाला टॉनिकच्या बाटलीपेक्षा अधिक मोलाचे आहे. वर्गातल्या शेजाऱ्याला पायावरची सूज दिसते, जिना चढताना लागलेली धाप दिसते, गेले आठ दिवस काकू गप्प आहेत हे दिसते. परदेशातल्या मुलाला फोनवर यांतले काही दिसत नाही.

वर्ग सुरू करायला फार काही लागत नाही. देवळाचा सभामंडप, शाळेची खोली किंवा कोणाची मोठी ओसरी, आठ-दहा माणसे आणि योग शिकलेली एक जाणती व्यक्ती. वेळ एकच असावी आणि ती बदलू नये. स्त्रियांना पहाटे घराबाहेर पडणे जमत नाही, तेव्हा त्यांचा वर्ग दुपारी चारला, जेवण पचल्यावर ठेवावा. महिला भजनी मंडळ आधीपासून असेल तर उत्तमच. भजनाआधी अर्धा तास आसने. शेवटची दहा मिनिटे मात्र सोडू नयेत. बहुतेक वर्ग शवासन उरकून चपला घालतात, ते चुकीचे आहे. त्या दहा मिनिटांत स्वस्थ बसावे, ॐकार किंवा भ्रामरी करावी, एखादा उतारा वाचावा. गावात सर्व जातिधर्मांची माणसे असतात. ॐकाराने कोणास अवघडल्यासारखे होत असेल तर नुसती भ्रामरी करावी किंवा मौन पाळावे आणि ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेचे स्मरण करावे. २१ जूनचा योगदिन २०१५ पासून आपण उत्साहाने साजरा करतो. त्या दिवशी मैदानावर जमलेल्यांतले दहा जण २२ जूनला पुन्हा भेटले तर वर्ग सुरू झालाच म्हणायचा.

सोबतीचे धोकेही आहेत. पहिला धोका चढाओढीचा. शेजारचा शीर्षासन करतो म्हणून आपणही करायचे, यातून माना दुखावतात. उच्च रक्तदाब, काचबिंदू, मानेचा विकार असणाऱ्यांनी शीर्षासन करू नये. कपालभाती जोरजोराने करण्याची शर्यत अनेक ठिकाणी लागते. हृदयरोगी, उच्च रक्तदाबाचे रुग्ण, हर्नियाचा त्रास असणारे आणि गर्भवती स्त्रिया यांनी तिच्यापासून दूर राहावे. दुसरा धोका वर्ग घेणाऱ्याचा वैद्य होण्याचा. साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी बंद करा, असे जो सांगेल त्याचा वर्ग त्याच दिवशी सोडावा. गोळी कमी करायची की नाही हे रक्त तपासून डॉक्टर ठरवतील. सतरंजीशेजारी चूर्णाच्या डब्यांचे दुकान लागले तरी सावध व्हावे. आणि तिसरा धोका खास आपल्या मातीतला. दहा माणसे जमली की त्यांना अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष आणि खजिनदार लागतात. वर्गणीच नसेल तर खजिनदार लागत नाही, असा अनुभव आहे.

ज्यांना वर्गाला येणे शक्य नाही त्यांचे काय? २०२० च्या टाळेबंदीत सारेच वर्ग बंद पडले, तेव्हा काही ठिकाणी ठरल्या वेळी एकमेकांना फोन करून घरोघर अभ्यास चालू राहिला. तोच उपाय आजारी सभासदासाठी करता येईल. अंथरुणावर असलेल्याच्या घरी आठवड्यातून एकदा तीन-चार जणांनी जावे, त्याच्यासोबत सावकाश दीर्घश्वसन करावे, भ्रामरी करावी आणि चहाला न थांबता निघावे, म्हणजे घरच्यांवर भार पडत नाही. गुडघ्यांमुळे खाली बसता न येणाऱ्यांसाठी वर्गात दोन-तीन बिनहाताच्या, न डुगडुगणाऱ्या खुर्च्या ठेवाव्यात, आणि त्या मागच्या भिंतीपाशी न मांडता इतरांच्या ओळीतच मांडाव्यात.