दिलेले मत परत घेण्याचा अधिकार

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गाने राजापूर मागे टाकले, की सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उंबरठ्यावर शुक नदीच्या काठी वसलेले खारेपाटण हे पुरातन गाव लागते. एके काळी खाडीतून येणाऱ्या गलबतांचा माल येथे उतरत असे आणि घाटमाथ्याकडे रवाना होत असे. शके ९३० मध्ये, म्हणजे इसवी सन १००८ मध्ये, शिलाहार कुळातील रट्टराज या मांडलिक राजाने दिलेल्या दानाचा जो ताम्रपट याच गावाच्या नावाने इतिहासात प्रसिद्ध आहे, त्यात त्याच्या पूर्वजांची वंशावळ कोरलेली आहे. कोणामागून कोण गादीवर आला, हे त्या पत्र्यांवरून आजही वाचता येते. परंतु गादीवर बसलेल्या पुरुषाला प्रजेने खाली उतरवावे, ही कल्पना त्या काळाच्या मनाला शिवलीही नसेल. आज त्याच गावचा सरपंच गावकरी प्रत्यक्ष मतदानाने निवडतात आणि विशिष्ट परिस्थितीत, त्याची पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी, गुप्त मतदानाने त्याला पायउतारही करू शकतात. निवडून दिलेल्याला परत बोलावण्याचा हा जो अधिकार जगभर निरनिराळ्या रूपांनी मागितला जातो, तो महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत अर्धामुर्धा का होईना, आलेला आहे. आणि तो अर्धामुर्धाच का राहिला, याचा विचार व्हावा असे मला मनापासून वाटते.

कोकणच्या रयतेला अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार करण्याची सवय नव्हती असे नाही. खोतीच्या अमदानीत मामलेदाराच्या कचेरीत अर्जांची दप्तरे भरत. परंतु खोत हा वंशपरंपरेने खोत असे. त्याच्या जुलमाविरुद्ध दाद मागता येई, त्याचा हुद्दा मात्र रयतेच्या हाती नव्हता. १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झाला, तेव्हा तो हुद्दाच गेला. गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या परंपरागत व्यवस्थेतही, देवळाच्या सभामंडपात बारा-पाचाचे मानकरी बसून गावाचा निवाडा करीत, पण मान कुळाकडे असे, आणि कुळ बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. तेव्हा माणूस अपात्र ठरला म्हणून त्याचे पद काढून घ्यावे, आणि तेही वरच्या हुकमाने नव्हे तर खालच्या मताने, ही रीत आपल्याकडे अगदी अलीकडची आहे.

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ३५ व्या कलमात सरपंचावरील अविश्वासाच्या ठरावाची तरतूद आहे. सरपंचाची निवड सदस्यांमधून व सदस्यांकडून होत होती तोवर त्याला काढण्याचा अधिकारही सदस्यांकडेच असणे हे तर्काला धरून होते. तहसीलदाराकडे नोटीस द्यावी, त्याने सात दिवसांच्या आत खास सभा बोलवावी, आणि हात वर होतील तसा निकाल लागावा, अशी ती सरळ वहिवाट होती. २०१७ साली सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा कायदा झाला; २०२० साली तो रद्द झाला; २०२२ साली पुन्हा लागू झाला. आता सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने ठराव केला तरी तेवढ्याने भागत नाही. खास ग्रामसभा बोलावून, जिल्हाधिकाऱ्याने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली, गावकऱ्यांच्या गुप्त मतदानाने त्या ठरावावर शिक्कामोर्तब व्हावे लागते. निवडीनंतरची पहिली दोन वर्षे आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने असा ठराव आणता येत नाही.

ही ग्रामसभा ज्या गावात भरते तेथील लोकांच्या मनाची स्थिती समजून घेण्यासारखी असते. ठराव आला त्या संध्याकाळपासून तिठ्यावरच्या गजालींना दुसरा विषय उरत नाही. आपण मते देऊन बसवलेल्या माणसाला सात-आठ सदस्यांच्या गटाने का हलवावे, असा एका पक्षाचा सवाल असतो. नळाला पाणी नाही, पाणंदीचे काम दोन पावसाळे अडून राहिले आहे, मग पाच वर्षे मुकाट्याने का सोसावे, असा दुसऱ्या पक्षाचा. दोन्ही म्हणणी खरी असू शकतात. मात्र मत देताना पुष्कळांच्या मनात सरपंचाच्या कामापेक्षा ठराव कोणी आणला, कोणत्या वाडीने आणला, त्यामागे कोणाचा हात आहे, हाच विचार प्रबळ ठरतो. हा दोष लोकांचा आहे असे मी मानत नाही. ठराव सुरू करण्याचा अधिकार केवळ सदस्यांना आहे आणि गावकऱ्यांनी फक्त होय किंवा नाही म्हणायचे आहे. अशा वेळी प्रस्तावामागचा हेतू तपासणे हाच त्यांच्या हाती उरलेला एकमेव विवेक असतो.

याउलट चित्र अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दिसते. तेथील गव्हर्नर हा आपल्या राज्यपालासारखा राष्ट्रपतीच्या मर्जीने नेमलेला नसतो. तो थेट निवडून येतो आणि अधिकाराच्या दृष्टीने आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा असतो. त्या राज्यात १९११ पासून मतदारांनाच परत बोलावण्याचा अर्ज सुरू करता येतो. मागील निवडणुकीत गव्हर्नरपदासाठी जितकी मते पडली त्याच्या बारा टक्के सह्या जमल्या, की निवडणूक घ्यावीच लागते. २००३ साली ग्रे डेव्हिस यांच्यावर हा प्रसंग आला. वीजटंचाई, अंदाजपत्रकातील प्रचंड तूट आणि मोटारींवरचा वाढलेला कर यांनी लोक चिडलेले होते. ७ ऑक्टोबरच्या मतदानात ५५ टक्क्यांहून अधिक लोकांनी त्यांना दूर करण्याच्या बाजूने कौल दिला, आणि १३५ उमेदवारांतून चित्रपटनट आर्नोल्ड श्वार्झनेगर गव्हर्नर झाले. २०२१ साली गॅव्हिन न्यूसम यांच्याविरुद्ध तशीच निवडणूक झाली. महामारीच्या काळातील निर्बंधांनी गांजलेल्या लोकांनी सह्या भरपूर दिल्या, परंतु प्रत्यक्ष मतदानात सुमारे ६२ टक्के मतदारांनी त्यांना ठेवण्याचेच ठरवले. रागाने सही करणारा माणूस मतपत्रिका हाती आल्यावर शांतपणे वेगळा निर्णय घेऊ शकतो, याचे हे मोठे आश्वासक उदाहरण आहे. त्या पद्धतीतही एक खोट आहेच. ठेवायचे की काढायचे हा एक प्रश्न आणि काढल्यास कोणाला बसवायचे हा दुसरा, असे दोन प्रश्न एकाच पत्रिकेवर असल्यामुळे, ४९ टक्के मते मिळवूनही जुना गव्हर्नर जाऊ शकतो आणि त्याहून पुष्कळच कमी मते मिळवणारा त्याच्या जागी येऊ शकतो.

आपल्या देशात ही मागणी जुनी आहे. १९२५ मध्ये हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशनच्या क्रांतिकारकांनी आपल्या जाहीरनाम्यात प्रतिनिधींना परत बोलावण्याचा हक्क मागितला होता. १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांनी तो उच्चारला. २०११ मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने त्याला घरोघरी पोहोचवले. विधानसभा आणि लोकसभा यांच्या बाबतीत तो हक्क अद्याप मिळालेला नाही. मध्य प्रदेशात मात्र नगरपालिकांच्या अध्यक्षांसाठी तो आहे, आणि त्या मतदानाच्या पत्रिकेवर एक भरलेली व एक रिकामी खुर्ची छापलेली असते. अक्षर न ओळखणाऱ्या मतदारालाही प्रश्न क्षणात उमगतो. छत्तीसगडमध्ये २००८ साली गुंडरदेही, नवागढ आणि राजपूर येथील तीन नगराध्यक्षांना लोकांनी मतदानाने घरी पाठवले. परंतु तेथेही आरंभ नगरसेवकांच्या सह्यांनीच होतो. मतदार हा शेवटी येतो.

मतदारावर विश्वास टाकून आरंभच त्याच्या हाती देण्याचा प्रयोग महाराष्ट्राने एका वेगळ्याच क्षेत्रात केलेला आहे, आणि त्याची आठवण या संदर्भात कोणी करीत नाही याचे मला आश्चर्य वाटते. गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला, की राज्य उत्पादन शुल्क खाते त्या सह्यांची पडताळणी करते आणि मतदान ठेवले जाते. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी बाटली म्हणजे ते बंद व्हावे. आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मते मिळाली पाहिजेत. २००८ च्या शासकीय आदेशानंतर अनेक गावांतील स्त्रियांनी हे मतदान मागून घेतले, दारोदार फिरून सह्या गोळा केल्या, दुकानदाराच्या धमक्यांना तोंड दिले आणि कित्येक ठिकाणी बाटली आडवी केली. ज्या बाईला दारूच्या दुकानाचा परवाना रद्द करवून घेण्याइतकी जबाबदार मानले, तिला सरपंचाविषयीचा प्रश्न उपस्थित करण्याइतकी जबाबदार का मानू नये? एक चतुर्थांश मतदारांच्या सह्यांनी ग्रामसभेत हा प्रश्न मांडता यावा, अशी दुरुस्ती ३५ व्या कलमात करणे कठीण नाही.

सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात ही दुरुस्ती करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. येथील गावांच्या मतदारयाद्यांत चाकरमान्यांची नावे पुष्कळ असतात. मुंबईत, ठाण्यात, विरारला राहणारा मुलगा गणपतीला आणि शिमग्याला येतो, सरपंचाच्या निवडणुकीला तर उमेदवारांनी ठरवलेल्या गाड्यांतूनही येतो. एरवीच्या दिवशी भरणाऱ्या ग्रामसभेला तो बहुधा येत नाही. यामुळे ज्या मतांनी सरपंच निवडून आला ती मते एका समूहाची आणि ज्या मतांनी तो जातो ती दुसऱ्या, बऱ्याच लहान समूहाची, अशी विषमता निर्माण होते. बारा महिने गावात राहून टंचाई सोसणाऱ्याचे मत जड मानावे, हे म्हणणे मला पटण्यासारखे आहे. परंतु तसे असेल तर ते निवडणुकीच्या दिवशीही जड असले पाहिजे. ते शक्य नसल्यामुळे परत बोलावण्याचे मतदान खास सभेच्या काही तासांत उरकू नये, तर निवडणुकीप्रमाणे महिनाभर आधी तारीख जाहीर करून, मतदानकेंद्र उघडून, सबंध दिवस घ्यावे.

अधिक गंभीर भीती दुरुपयोगाची आहे. सरपंचपदांपैकी निम्मी पदे स्त्रियांसाठी राखीव आहेत, काही अनुसूचित जातीजमातींसाठी आहेत. आणि आरक्षणामुळे प्रथमच खुर्चीवर बसलेल्या माणसाने गावातल्या बड्यांचे ऐकले नाही, की अविश्वासाचे शस्त्र बाहेर निघते, ही वस्तुस्थिती नाकारण्यात अर्थ नाही. त्यावर संरक्षण म्हणून मुदतीचे कुंपण ठीकच आहे, पण कारण उघड सांगण्याची सक्ती मला अधिक मोलाची वाटते. कॅलिफोर्नियात अर्जदारांना आपली कारणे दोनशे शब्दांत मांडावी लागतात आणि अधिकाऱ्याला तितक्याच शब्दांत उत्तर देता येते. तशीच रीत येथे आली, तर ठराव आणणाऱ्यांना पाणी, रस्ता, दप्तर, हिशेब यांपैकी नेमकी कोणती कसूर झाली ते लिहून द्यावे लागेल आणि सरपंच बाईलाही आपले उत्तर लिहून देता येईल. दोन्ही कागद चावडीच्या फलकावर मतदानाच्या दिवसापर्यंत शेजारी शेजारी लावलेले असावेत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ते प्रत्येक वाडीत मोठ्याने वाचून दाखवण्याची जबाबदारी ग्रामसेवकाची असावी.