चार रिमोटांचे काम एकाकडे : युनिव्हर्सल रिमोट कसा जुळवावा?

दूरचित्रवाणी संच, केबल किंवा डीटीएचचा सेट-टॉप बॉक्स, साउंडबार आणि इंटरनेटवरील चित्रपट दाखवणारी छोटी स्टिक ही उपकरणे आता सामान्य घरांच्या दिवाणखान्यातही दिसू लागली आहेत. प्रत्येकाचा रिमोट वेगळा. 2012 पासून देशात केबलसेवेचे टप्प्याटप्प्याने डिजिटायझेशन झाले आणि एका रिमोटवर भागत असलेल्या घरांत किमान दोन रिमोट आले. तरुणांना ही किरकोळ गैरसोय वाटते. मात्र मुले परगावी वा परदेशी असलेल्या घरात वृद्ध आईवडिलांकडून एखादे चुकीचे बटण दाबले गेले, की पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी झळकते आणि संध्याकाळच्या बातम्या शेजारचे कोणी मदतीला येईपर्यंत अडून राहतात. सर्व उपकरणांना पुरणारा एकच रिमोट, म्हणजेच युनिव्हर्सल रिमोट, नीट जुळवून ठेवला तर हे परावलंबन बरेच कमी होते. त्यासाठी त्याच्या कार्यपद्धतीची थोडी ओळख हवी.

रिमोट बोलतो, पण ऐकत नाही

बहुतेक रिमोट अवरक्त किरणांवर चालतात. बटण दाबताच टोकावरचा छोटा दिवा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश अतिवेगाने उघडझाप करीत सोडतो. ही उघडझाप साधारणपणे सेकंदाला 38 हजार वेळा होते, आणि तिच्या लहानमोठ्या स्पंदांतून व विरामांतून संदेश तयार होतो. खोलीतील दिव्यांचा आणि सूर्याचा प्रकाश वगळून नेमका हा संदेश टिपता यावा, यासाठी ही वारंवारता ठरवलेली असते.

संदेशाची लिपी मात्र उत्पादकागणिक बदलते. एनईसी या प्रचलित पद्धतीत प्रत्येक संदेश 32 अंशांचा असतो. त्यात आधी उपकरणाचा पत्ता आणि नंतर आज्ञा येते, आणि पडताळणीसाठी दोन्ही उलट करून पुन्हा पाठवल्या जातात. फिलिप्सची आरसी-5 पद्धत 36 हजारांच्या, तर सोनीची पद्धत 40 हजारांच्या वारंवारतेवर चालते. म्हणूनच एका कंपनीचा रिमोट दुसऱ्या कंपनीच्या संचाला सहसा कळत नाही. युनिव्हर्सल रिमोट म्हणजे अशा अनेक लिप्या पाठ असलेला दुभाषी होय.

जुळवण्याच्या तीन रीती

पहिली रीत संकेतांकाची. रिमोटसोबतच्या पुस्तिकेत प्रत्येक कंपनीपुढे काही अंक दिलेले असतात. संच चालू करावा, ‘सेट’ किंवा ‘सेटअप’ बटण दिवा पेटेपर्यंत दाबून धरावे, ‘टीव्ही’ बटण दाबावे आणि अंक भरावा. बटणांचा नेमका क्रम रिमोटागणिक थोडा बदलतो, त्यामुळे पुस्तिका जपून ठेवावी. एकाच कंपनीपुढे अनेक संकेतांक असतात. पहिल्या अंकाने संच बंद-चालू होऊ लागला म्हणजे काम संपले असे समजू नये. आवाज, म्यूट, इनपुट आणि मेनू ही बटणेही तपासावीत. त्यांपैकी एखादे चालत नसेल तर पुढचा अंक भरून पाहावा.

दुसरी रीत आपोआप शोधाची. पुस्तिका हरवली असेल किंवा कंपनी यादीत नसेल, तर रिमोट शोधाच्या स्थितीत ठेवून संचाकडे धरावा. तो एकामागून एक संकेत पाठवत जातो. संच बंद झाला किंवा आवाजाची पट्टी पडद्यावर दिसली, की त्याच क्षणी पुस्तिकेत सांगितलेले बटण दाबून किंवा दाबलेले बटण सोडून तो संकेत पक्का करावा. या कामाला काही मिनिटे लागू शकतात.

तिसरी रीत शिकवण्याची. आपल्याकडे ही सर्वांत उपयोगी ठरते, कारण सेट-टॉप बॉक्ससोबत मिळणाऱ्या अनेक रिमोटांवर टीव्हीसाठी चार-सहा बटणांची वेगळी चौकट याचसाठी दिलेली असते. दोन्ही रिमोट सपाट टेबलावर, टोके समोरासमोर आणि मध्ये दोन-तीन सेंटिमीटर अंतर अशा रीतीने ठेवावेत. चौकटीतील ‘सेट’ दिवा ठळक होईपर्यंत दाबून धरावे. नंतर जे बटण शिकवायचे ते एकदा दाबावे आणि टीव्हीच्या मूळ रिमोटवरील तेच बटण दाबावे. दिव्याची उघडझाप झाली की धडा पूर्ण झाला. सर्व बटणे झाल्यावर ‘सेट’ पुन्हा दाबून बाहेर पडावे. हे काम थेट उन्हापासून दूर करावे. मूळ रिमोट बिघडल्यावर शिकवणारा गुरूच उरत नाही, म्हणून तो चालू असतानाच हे उरकणे शहाणपणाचे.

एका बटणात अनेक कामे

महागड्या रिमोटांत एका बटणावर आज्ञांची मालिका बसवता येते : टीव्ही चालू, बॉक्स चालू, इनपुट बदल. येथे एक अडचण येते. बहुतेक संचांत चालू आणि बंद यांसाठी एकच आज्ञा असते, आणि संच कोणत्या स्थितीत आहे हे रिमोटला कळण्याचा मार्ग नसतो. त्यामुळे कोणी टीव्ही आधीच चालू केला असेल, तर तीच मालिका टीव्ही बंद करून बॉक्स चालू करते. शक्य असेल तेथे चालू आणि बंद यांच्या स्वतंत्र आज्ञा वापराव्यात. बॉक्स कायम चालू ठेवून मालिकेत फक्त टीव्ही ठेवणे हा दुसरा उपाय. मालिकेत दोन आज्ञांमध्ये काही सेकंदांचा विरामही हवा, कारण नुकताच सुरू झालेला संच लगेच आज्ञा घेत नाही.

या प्रकारातील लॉजिटेकच्या ‘हार्मनी’ रिमोटांचे उत्पादन 2021 मध्ये थांबले. ज्या रिमोटची जुळणी कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर अवलंबून असते, तो घेताना ही सेवा किती काळ टिकेल याचा विचार करावा. बटणांवरूनच जुळणारा साधा रिमोट या बाबतीत निश्चिंत.

मर्यादाही जाणाव्यात

इंटरनेट स्टिकचे रिमोट बहुधा ब्लूटूथवर चालतात. त्यांची बटणे अवरक्त रिमोटला शिकवता येत नाहीत. उलट, अशा अनेक रिमोटांत टीव्हीचा आवाज आणि पॉवर यांसाठी अवरक्त दिवाही असतो, आणि त्यांची जुळणी स्टिकच्या सेटिंग्जमधून होते. वातानुकूलन यंत्राचा रिमोट तापमान, पंखा आणि पद्धत ही सारी स्थिती प्रत्येक वेळी एकत्र पाठवतो. त्यामुळे त्याची बटणे एकेक करून शिकवण्याचा फारसा उपयोग होत नाही.

खर्च करण्यापूर्वी टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये एचडीएमआय-सीईसी सोय आहे का तेही पाहावे. सॅमसंग तिला एनिनेट प्लस, एलजी सिंपलिंक, तर सोनी ब्राव्हिया सिंक म्हणते. ती सुरू केल्यास टीव्हीच्याच रिमोटने साउंडबार किंवा स्टिक चालवता येते. मात्र केबलचे अनेक बॉक्स तिला प्रतिसाद देत नाहीत.

टाकून देण्यापूर्वी

रिमोट बंद पडला असे वाटल्यास मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर त्याचे टोक धरून बटण दाबावे. पडद्यावर जांभळट प्रकाश लुकलुकला तर रिमोट जिवंत आहे आणि दोष दुसरीकडे शोधावा. प्रकाश न दिसल्यास आधी सेल बदलून पाहावेत. किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत सेलच्या पट्ट्यांवर गंज चढतो. पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसल्या तरी कित्येक रिमोट पुन्हा चालू लागतात. जास्त दिवस गावाला जाताना सेल काढून ठेवावेत. काही जुन्या रिमोटांत मात्र त्यामुळे जुळणी पुसली जाते, म्हणून संकेतांक रिमोटच्या पाठीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवावा.

वृद्धांसाठी रिमोट जुळवताना कमी बटणांचा रिमोट निवडावा. पॉवर, आवाज आणि वाहिनी एवढी बटणे पुरतात. इनपुट बदलणारे बटण शिकवूच नये, कारण ‘सिग्नल नाही’ या पाटीचे मूळ बहुधा तेच असते. चतुर्थीला घरी आलेल्या मुलांनी हे काम अर्ध्या तासात आटोपावे, मूळ रिमोट सेल काढून कपाटात ठेवावेत आणि परतण्यापूर्वी नवा रिमोट एक-दोन दिवस आईवडिलांनाच वापरू द्यावा. कोणते बटण अडते, हे त्यांच्या हातात रिमोट असतानाच कळते.