बीबीनगरचा दरोडा आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे
न्यूरेंबर्ग खटल्यासाठी १९४५ मध्ये तयार झालेल्या सनदेने ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ युद्धाशी बांधून ठेवले होते. राज्यसत्तेने शांततेच्या काळात आपल्याच रयतेवर केलेला अत्याचार त्यामुळे तिच्या कक्षेबाहेर राहिला. पुढे वंशसंहाराविरुद्ध १९४८ मध्ये आणि युद्धातील वर्तनासंबंधी १९४९ मध्ये स्वतंत्र करार झाले, पण या गुन्ह्यांसाठी तसा करार आजवर झालेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २०१९ मध्ये त्याचा मसुदा पूर्ण केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये आमसभेने त्यावर २०२८ व २०२९ मध्ये परिषद भरवण्याचे ठरवले.

मसुद्यात युद्धाची अट नाही. हत्या, छळ, बलात्कार, सक्तीचे स्थलांतर यांसारखी कृत्ये नागरी लोकसंख्येवरील व्यापक किंवा पद्धतशीर हल्ल्याचा भाग असावीत, करणाऱ्याला त्या हल्ल्याची जाणीव असावी आणि हल्ला एखाद्या राज्याच्या किंवा संघटनेच्या धोरणाला धरून झालेला असावा, एवढीच अपेक्षा आहे.

ही व्याख्या मराठवाड्याला परकी नाही. १९४८ मध्ये हा भाग हैदराबाद संस्थानात मोडत असे. लातूरला वकिली करणाऱ्या कासीम रझवीच्या नेतृत्वाखालील रझाकारांनी संस्थानातील खेडीपाडी लुटली, जाळली आणि माणसे मारली. ही गणवेशधारी, प्रशिक्षित संघटना होती आणि शासनाचा तिच्यावर वरदहस्त होता, म्हणून धोरणाची अट येथे सहज पुरी होते.

अवघड भाग सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याने संस्थान ताब्यात घेतले, त्या पोलीस ॲक्शननंतरचा आहे. रझाकार पांगल्यावर सुडाचा वणवा सामान्य मुसलमान कुटुंबांवर उलटला आणि त्यानंतर सलोखा साधण्यासाठी केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे नोंदवून एकूण मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार इतका दिला. काही ठिकाणी सैनिकांचाही सहभाग असल्याचे समितीने लिहिले. तो अहवाल त्या वेळी प्रसिद्ध झाला नाही. येथे व्यापकतेविषयी शंका उरत नाही. धोरण कोणाचे, हा प्रश्न मात्र उरतो, कारण स्थानिक टोळ्यांचा सूड आणि काही तुकड्यांची फूस यांतून राज्याचे धोरण सिद्ध होतेच असे नाही. बळी कोणत्या धर्माचा, हे व्याख्या विचारत नाही. मराठवाड्यात संस्थानाच्या मुक्तिसंग्रामाची चर्चा सहसा पहिल्या, म्हणजे रझाकारांच्या, प्रकरणापाशी थांबते, ही गोष्ट म्हणूनच खटकते. समिती या भागात फिरत असतानाच, ९ डिसेंबर १९४८ रोजी, आमसभेने वंशसंहाराविरुद्धचा करार स्वीकारला होता.

रझवीवर खटले चालले, पण त्याला शिक्षा झाली ती रझाकारांनी बीबीनगर गावात घातलेल्या दरोड्याबद्दल, आणि १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. संघटित अत्याचाराला दंडसंहितेत नाव नसले, की तो सुटे खून आणि दरोडे यांत विखुरतो. दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडातील माजी खासदार सज्जनकुमार यांच्या खटल्याचा निकाल देताना २०१८ मध्ये हीच उणीव दाखवली आणि ती तातडीने भरून काढायला हवी असे म्हटले. नवा मसुदा, त्याचा करार झाल्यास, त्यात सामील होणाऱ्या राष्ट्रांवर हे गुन्हे स्वतःच्या कायद्यात आणण्याचे बंधन घालेल. तो मागील घटनांना लागू होणार नाही. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हा गुन्हा अद्याप नाही.