मातृत्वाची पूर्वतयारी : पोषणाचा आरंभ गर्भधारणेपूर्वी

आपल्या घरांत गर्भवतीचे कौतुक करण्याची परंपरा मोठी आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते, तिला काय खावेसे वाटते याची विचारपूस होते. प्रसूतीनंतर बाळंतिणीसाठी अळिवाचे आणि डिंकाचे लाडू वळले जातात. या प्रथांमागील माया खरी आहे. परंतु आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही काळजी बऱ्याच उशिरा सुरू होते. बाळाच्या शरीराची पायाभरणी डोहाळजेवणाच्या कितीतरी आधी, अनेकदा आपण गरोदर आहोत हे त्या स्त्रीलाही कळण्यापूर्वी, झालेली असते. म्हणूनच मातेच्या पोषणाचा विचार गर्भधारणेच्या आधीपासून होणे अगत्याचे आहे. या बाबतीतील महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्राच्याच भूमीवर झाले, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे.

मुंबईतील एक शोध

१९२८ साली ल्युसी विल्स या ब्रिटिश महिला डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणी कामगार वर्गातील गरीब स्त्रियांना गरोदरपणी जडणाऱ्या एका तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास त्यांनी हाती घेतला. हा रोग जंतूंमुळे नसून आहारातील कशाच्या तरी उणिवेमुळे होत असावा, अशी त्यांची धारणा झाली. यीस्टचा अर्क दिल्यावर हा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी प्रयोगांती दाखवून दिले आणि १९३१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे केले. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘फॉलिक ॲसिड’ हे नाव मिळाले. मुंबईच्या त्या स्त्रियांच्या आहारात उणीव होती ती याच जीवनसत्त्वाची.

फॉलिक ॲसिडचे महत्त्व केवळ रक्तापुरते नाही. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेपासून तयार होतात, ती नलिका गर्भधारणेनंतर सुमारे अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. ती नीट मिटली नाही तर बाळात गंभीर जन्मजात व्यंग राहते. ज्या स्त्रियांना पूर्वी असे व्यंग असलेले मूल झाले होते, त्यांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड दिल्यास हा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो, असे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत आढळून आले. पाळी चुकली, काही दिवस वाट पाहिली, मग तपासणी झाली, एवढ्यात ते अठ्ठावीस दिवस निघून गेलेले असतात. त्यानंतर दिलेली गोळी रक्तासाठी उपयोगी पडते. त्या व्यंगापासून मात्र संरक्षण देऊ शकत नाही.

पुणे व मुंबई येथील पाहणी

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा दीर्घकालीन अभ्यास केला. या शेतकरी कुटुंबांतील स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन अवघे ४२ किलोच्या आसपास होते आणि त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या जवळपास. या पाहणीत एक लक्षणीय बाब दिसली. मातेने एकूण किती उष्मांक घेतले यापेक्षा तिच्या आहारात दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे किती वेळा आली, याच्याशी बाळाच्या वाढीचा अधिक निकटचा संबंध होता. यांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये ब-१२ या जीवनसत्त्वाची कमतरताही आढळली.

याच धाग्याला धरून २००६ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील स्त्रियांसाठी ‘सरस’ हा प्रकल्प सुरू झाला. अपत्याची इच्छा असलेल्या सुमारे साडेसहा हजार स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. एका गटाला गर्भधारणेपूर्वीपासून प्रसूतीपर्यंत पालेभाज्या, फळे व दूध यांपासून केलेला खाऊ रोज देण्यात आला. दुसऱ्या गटाला बटाटा, कांदा अशा, ही पोषकद्रव्ये कमी असलेल्या भाज्यांचा. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता जन्मवजनात ठळक फरक पडला नव्हता. तथापि ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी हा आहार सुरू केला होता, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमनी अधिक भरले. गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाणही दुसऱ्या गटात १२.४ टक्के, तर पालेभाजी-दुधाच्या गटात ७.३ टक्के आढळले.

यातील आणखी एक धडा दुर्लक्षून चालणार नाही. ज्या स्त्रिया मुळातच अतिशय कृश होत्या, त्यांच्या बाळांच्या वजनात वाढ दिसली नाही. आधी पोटभर अन्न, मग त्यातील विविधता, असा याचा अर्थ होय. उपाशी देहाला केवळ पालेभाजीने उभारी येत नाही.

आजची स्थिती

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ५४.२ टक्के झाले. गर्भवतींमध्ये ते ४५.७ टक्के होते. म्हणजे निम्म्याहून अधिक स्त्रिया मातृत्वाच्या वाटेवर पाऊल टाकतात त्या रक्ताची उणीव घेऊनच. गर्भवतीच्या रक्तातील हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय समजला जातो. अशा स्त्रीला प्रसूतीच्या वेळी होणारा थोडा अधिक रक्तस्रावही जिवावर बेतू शकतो.

शासनाच्या योजना आजवर मुख्यतः गरोदरपणाची नोंद झाल्यानंतर हाती येतात. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हा देशातील पहिल्या ३३ प्रकल्पांत मेळघाटातील धारणीचा समावेश होता. आदिवासी भागासाठी २०१५ मध्ये आलेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि प्रसूतीनंतर काही महिने एक वेळचा चौरस आहार देण्याची तरतूद करण्यात आली. या सेवांचे मोल निर्विवाद आहे. मात्र त्यांच्या अलीकडचा काळ, म्हणजे लग्नापासून नोंदणीपर्यंतचा काळ, बहुधा मोकळाच राहतो. २०१८ च्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमाने ही पोकळी ओळखली आहे. २० ते ४९ वयाच्या स्त्रियांसाठी आठवड्याला लोह व फॉलिक ॲसिडची एक गोळी, आणि अपत्याचा विचार करणाऱ्या स्त्रियांनी पहिल्या तीन महिन्यांच्या अखेरपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे, असे मार्गदर्शन त्यात आहे. प्रश्न उरतो तो ते घरापर्यंत पोहोचण्याचा.

स्वयंपाकघरात काय करता येईल?

यासाठी महागड्या पदार्थांची गरज नाही. बाजरी किंवा नाचणीची भाकरी, मटकी, चवळी, हुलगे यांची मोड आणलेली उसळ, मेथी, माठ, चाकवत, शेवग्याचा पाला यांसारखी पालेभाजी, हंगामातील पेरू किंवा आवळा, दूध, दही वा ताक आणि चालत असल्यास अंडी व मासळी, एवढ्यात बरेच साधते. भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, थोड्या पाण्यात शिजवावी आणि ते पाणी टाकू नये. धान्य-भाजीतील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. जेवताना लिंबू पिळल्यास ते अधिक मिळते, तर जेवणाबरोबर घेतलेला चहा त्यात अडथळा आणतो. ब-१२ वनस्पतिज अन्नातून मिळत नाही. म्हणून शाकाहारी कुटुंबांत सुनेच्या ताटात दूध-दही असणे आवश्यक ठरते.

चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज लोहाची गोळी घ्यावयाची असते. तिने शौचाचा रंग काळा होतो, काहींना मळमळते. यात भिण्याचे कारण नाही. मळमळत असल्यास गोळी जेवणानंतर घ्यावी. कॅल्शियमच्या गोळीबरोबर मात्र ती घेऊ नये. दुसऱ्या तिमाहीपासून गर्भवतीला रोज सुमारे ३५० उष्मांक अधिक लागतात. ‘जास्त खाल्ले तर बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अवघड जाईल’ या समजुतीने हात आखडता घेणे हे माता व बाळ दोघांनाही घातक आहे.

मिश्रीचा उल्लेख येथे करावाच लागेल. तंबाखू भाजून केलेली ही मिश्री अनेक घरांत दात घासण्याच्या नावाखाली दिवसातून अनेक वेळा लावली जाते. गरोदरपणी मिश्री व अन्य धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरते, असे मुंबईतील १,२१७ स्त्रियांच्या पाहणीतून २००४ मध्ये दिसून आले. अनेक महिन्यांच्या पालेभाजीने जे मिळवायचे, त्याच्या दुप्पट एक मिश्रीची डबी हिरावून घेते.

अपत्याची प्रतीक्षा करणाऱ्यांसाठी

लग्नानंतर लवकर मूल झाले नाही की दोष स्त्रीच्या माथी मारला जातो. वस्तुतः पुरुषातील दोष हेही वंध्यत्वाचे नेहमी आढळणारे कारण आहे. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा न झाल्यास पती व पत्नी दोघांनी तपासणी करून घ्यावी; स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनंतरच. अति कृशता, अति स्थूलता, थायरॉइडचे विकार, तंबाखू व मद्य यांचा प्रजननक्षमतेवर परिणाम होतो. चांगला आहार म्हणजे अपत्यप्राप्तीची हमी नव्हे. तथापि होणाऱ्या मातेचे शरीर सज्ज ठेवण्याचे ते खात्रीचे साधन आहे. ‘मुलगाच होईल’ असे सांगून दिल्या जाणाऱ्या औषधांपासून मात्र दूर राहावे. बाळाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेले असते. नंतर घेतलेले औषध ते बदलू शकत नाही, अपाय मात्र करू शकते.

गावाची जबाबदारी

या कामात पंचायत सदस्य व शिक्षक यांचा वाटा मोठा आहे. गावात लग्न होऊन आलेल्या प्रत्येक सुनेची माहिती आशा कार्यकर्तीला महिन्याभरात मिळेल अशी व्यवस्था ग्रामपंचायतीला सहज करता येईल. ग्राम आरोग्य, पोषण दिनाला गर्भवतींबरोबर नवविवाहितांनाही बोलवावे, त्यांचे वजन व हिमोग्लोबिन पाहावे. सासूबाईंनाही त्या बैठकीस अवश्य निमंत्रण द्यावे, कारण ताटात काय पडेल हे पुष्कळदा त्याच ठरवितात. शाळेत किशोरींना मिळणारी आठवड्याची निळी गोळी शिक्षकांनी आपल्या समोर घ्यायला लावावी. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले आढळले. स्वतःची वाढ पूर्ण न झालेल्या मुलीवर दुसऱ्या जिवाच्या वाढीचा भार पडणे रोखावयाचे तर बालविवाह थांबविण्याला पर्याय नाही.

घरातील सर्वांचे जेवण झाल्यावर उरेल ते सुनेने खावे, ही रीत अनेक घरांत अजून चालते. तिच्या ताटात त्या वेळी जे उरते, त्यावरच पुढच्या पिढीची हाडे, रक्त आणि बुद्धी पोसली जाणार असते. तिला सर्वांबरोबर पंक्तीला बसविण्यासाठी निधी लागत नाही की मंजुरी लागत नाही. डोहाळजेवणाच्या दिवशी तिच्यासमोर जे भरलेले ताट येते, ते लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून आले, तर मातृत्वाची खरी पूर्वतयारी तेथूनच सुरू होईल.