लग्न मॉरिशसला? दोन दिवस जास्त काढा!

लग्नासाठी मॉरिशसला जाताय? मग वरात आटोपली की लगेच परतीचं विमान पकडू नका. पहिला दिवस पोर्ट लुईसच्या आप्रवासी घाटाला द्या. १८३४ पासून ऊसमळ्यांसाठी आणलेले गिरमिटिया मजूर इथं उतरत. त्यांत आपल्या कोकणातलेही होते. त्यांचे वंशज आजही तिथं गणेशोत्सव करतात. प्रवेश मोफत आहे, पण घाईनं पाहू नका. माझ्या मते समुद्रकिनाऱ्यांहून ही जागा मोठी.

दुसऱ्या दिवशी गाडी ठरवून नैऋत्येला निघा: गंगा तलाव, शामारेलची सप्तरंगी माती, शेवटी ल मॉर्नचा डोंगर. पळालेले गुलाम याच डोंगरात आसरा घेत. आप्रवासी घाट आणि ल मॉर्न, दोन्ही जागतिक वारसास्थळं आहेत. घरातल्या ज्येष्ठांनाही आवर्जून न्या.