वऱ्हाडचा मिर्झा

‘‘हा म्हातारा कोन हाय रे? लय गुनाचा दिसते.’’ बुलढाण्यात आमच्या शेजारच्या आजींना ‘शेजारी’ हा जुना चित्रपट दाखवत होतो. म्हटलं, ‘‘आजी, हा आपल्या अमरावतीचा, गजानन जागीरदार. अन् म्हातारा कुठला, इथं तिशीतलाच आहे.’’ आजींना पटेना.

शेगावच्या महाराजांमुळे गजानन हे नाव आमच्या जिल्ह्यात घरोघरी. पण २ एप्रिल १९०७ रोजी अमरावतीत जन्मलेल्या या गजाननाची आठवण आज वऱ्हाडातही फारशी कुणी काढत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हॉलिवूडमध्ये वॉल्टर ब्रेननला दुय्यम भूमिकांसाठी तीनदा ऑस्कर मिळालं. आपल्याकडे ‘चरित्र अभिनेता’ म्हटलं की विषय संपतो.

‘शेजारी’ १९४१चा. आदल्याच वर्षी मुस्लिम लीगचा लाहोर ठराव झाला होता. अशा दिवसांत दिग्दर्शक शांतारामबापूंनी जिवबा आणि मिर्झा या दोन जिवलग शेजाऱ्यांची गोष्ट सांगितली. बुद्धिबळाचा पट मांडून बसणारे हे दोघं धरणाच्या राजकारणात एकमेकांना दुरावतात आणि शेवटी फुटत्या धरणावर हातात हात घेऊन मरतात. मराठीत जिवबा केशवराव दातेंनी केला. हिंदी ‘पडोसी’त हिंदू ठाकूर झाले मझहर खान. मिर्झा मात्र दोन्हीकडे जागीरदारच. पांढरी दाढी रंगभूषाकार चिकटवून देईल; सोबती तुटल्यावर माणसाला एका रात्रीत येणारं म्हातारपण नटालाच आणावं लागतं. ते त्यांनी आणलं. मिर्झाला त्यांनी कुठंही ‘मुसलमान पात्र’ होऊ दिलं नाही. तो आधी शेजारी आहे.

तीन वर्षांनी ‘रामशास्त्री’. राजा नेने, विश्राम बेडेकर अशा हातांतून फिरत दिग्दर्शन अखेर जागीरदारांकडे आलं आणि नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सुनावणारे न्यायाधीशही तेच झाले. नायक म्हणून एवढं गाजल्यावरही पुढं छोट्या भूमिकांना त्यांनी कधी कमी लेखलं नाही. ‘गाईड’मधला गावकरी भोला आठवून पाहा.

पुढं हे दोन्ही चित्रपट काढणारी प्रभात फिल्म कंपनी बंद पडली. तिच्याच आवारात सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट काढली आणि १९६१मध्ये तिचे पहिले प्राचार्य झाले जागीरदार. ज्या स्टुडिओत मिर्झा आणि रामशास्त्री उभे केले, तिथंच ते नव्या पोरांना शिकवायला आले. अभिनय शिकवता येतो, यावर त्यांचा विश्वास होता. ‘अभिनय कसा करावा’ हे पुस्तकही त्यांनी लिहिलं.

१३ ऑगस्ट १९८८ला ते गेले. त्याआधी सात वर्षं, १९८१च्या ‘उमराव जान’मध्ये, ते कोठ्यावर मुलींना शिकवणारे मौलवी झाले होते. या खेपेला वय खरंच सत्तरीपलीकडचं होतं. तोही तुकडा आजींना दाखवला. डोळ्यांत मोतीबिंदू, चेहरा काही त्यांना ओळखता आला नाही. मौलवी बोलू लागले तशी त्यांची मान वर झाली.

‘‘अरे, हा तं आपला मिर्झा!’’